कठड्यात अडकलेला मॉनिटर

"याला जरा शाळा दाखवून आण," म्हणत बाईंनी नव्या मुलाला मॉनिटरच्या ताब्यात दिलं आणि मॉनिटर दोन पावलं मागे सरकला. मॉनिटर पडला काडीपैलवान, आणि नवा दारात उभा राहिला की वर्गात अंधार व्हायचा. मागच्या शाळेत त्याने दरवाजा तोडला, ही बातमी तर त्याच्याआधीच वर्गात येऊन बसली होती.

मॉनिटर त्याला घेऊन वरच्या मजल्यावर आला. शेवटी काहीतरी दाखवायला हवं म्हणून मॉनिटरने कठड्याच्या गजांमधून डोकं बाहेर घातलं. "ते खाली मोठ्या सरांचं ऑफिस." डोकं गेलं सुखाने. परत घेताना कान आडवे आले.

"अडकलास?" नव्याने विचारलं.

"छे. बघतोय."

"किती वेळ बघणार?"

मॉनिटरला रडूच फुटलं. आता मधली सुट्टी होणार, अख्खी शाळा इथून जाणार, आणि रोज इतरांची नावं फळ्यावर लिहिणाऱ्याची चांगली शोभा होणार. नव्याने त्याला कमरेला धरून ओढलं. मान लांबली, डोकं जिथल्या तिथे.

"दरवाजा तोडलास ना तू? मग गज वाकव की."

"मी कुठे तोडला? मी आत अडकलो होतो. सुताराने तोडला."

घंटा झाली. मॉनिटरने डोळे घट्ट मिटले. उघडले, तर शेजारच्या गजांमधून एक भलंमोठं तोंड खाली बघत होतं. कपाळ खरचटलेलं, कान लालभडक.

"काय बघताय रे?" मागून पोरांनी विचारलं.

"गप. बघू दे," नवा गुरगुरला.

मग काय विचारता! एवढा धिप्पाड गडी बघतोय म्हणजे काहीतरी असणारच. पटापट डोकी घुसली, पटापट अडकली. हसायला कुणी उरलंच नाही.

शिपाईकाकांनी साबणाचं पाणी आणून एकेक डोकं सोडवलं. मॉनिटरचंही सुटलं. नव्याचं मात्र हलेना. "याला वेल्डरच लागणार," काका म्हणाले.

"एवढं मोठं डोकं घातलंस कशाला?" मॉनिटरने हळूच विचारलं.

"तू एकटाच होतास ना."

मॉनिटर त्याच्याकडे बघतच राहिला. इतका मोठा माणूस त्याने जन्मात पाहिला नव्हता.

तेवढ्यात दुपारच्या शाळेची पोरं जिना चढून आली आणि नव्याला बघून फिदीफिदी हसू लागली. मॉनिटरने आपले दुखरे कान चाचपले आणि मुकाट्याने शेजारच्या गजांत पुन्हा डोकं घातलं. बादली घेऊन निघालेले शिपाईकाका कपाळाला हात लावून परत फिरले.