मिशीवाल्याचा ओला टॉवेल

"कट!" दिग्दर्शक ओरडला आणि खुर्चीतच आडवा झाला. "अरे, तू नायिकेचा गे मित्र आहेस, बँकेतला कॅशियर नाहीस! हात कुठायत तुझे?"

"हे काय सर, इथेच आहेत," म्हणत नव्या नटाने दोन्ही हात पुढे करून दाखवले.

"तेच म्हणतोय मी! एका जागी का आहेत? हात उडव, मान वेळाव, कमरेला जरा हेलकावा दे. आणि तो स्कार्फ काय थंडी वाजतेय म्हणून बांधलायस?"

नव्या नटाने हात उडवले. डोक्याभोवती गांधीलमाशी फिरत असल्यासारखे ते उडाले. कमरेला हेलकावा दिला, तर समोरची फुलदाणी खाली आली. दिग्दर्शकाने शेवटचं सांगून टाकलं, "असं कर, तसा एखादा माणूस शोध आणि त्याला नीट बघून घे. जेवणाच्या सुट्टीनंतर जमलं नाही, तर मी दुसरा नट बोलावणार."

नव्याची ही पहिलीच मालिका. आईने अख्ख्या गल्लीला सांगून ठेवलं होतं आणि आपला टीव्ही लहान म्हणून शेजारणीला तिचा मोठा टीव्ही मालिकेच्या वेळी मोकळा ठेवायला लावला होता.

गंमत अशी, की तसा माणूस शोधायला लांब जायची काही गरज नव्हती. तो तिथेच, आवाजाच्या यंत्रामागे, कानाला हेडफोन लावून बसला होता. ध्वनिमुद्रण करणारे दादा. भरघोस मिशा, दाराएवढे खांदे आणि बाराही महिने करडा शर्ट. शाळेत गणित शिकवणाऱ्या एका मास्तरांबरोबर दादांचा कित्येक वर्षांचा संसार होता आणि स्टुडिओत ते कोणाला ठाऊक नव्हतं. दादा भित्रे होते असं नाही. पण मालिकेत तसा कोणी आला, की मागे एक खिदळणारं संगीत वाजायचं आणि ते वाजवायचं बटण दादांच्याच समोर होतं. आपल्या घरावर आपल्याच हाताने ते वाजवून घेण्याची त्यांची तयारी नव्हती.

नव्याला हे कुठून कळणार? तो बाहेर अंगणात आला आणि त्याला गाडीवाले काका दिसले. स्टुडिओच्या सगळ्या गाड्यांची व्यवस्था काकांकडे होती. त्यांचे हात सतत हवेत नाचत असायचे, कारण उभा जन्म ते ड्रायव्हरांना गाडी मागे घ्यायला लावत आले होते. ते लचकत चालायचे, कारण डाव्या टाचेला कुरूप झालं होतं. आवाज ओरडून ओरडून चिरका झाला होता आणि घसा धरला म्हणून बायकोने गळ्यात तिची जांभळी ओढणी गुंडाळून दिली होती. नव्याने मात्र फक्त हात, चाल, आवाज आणि ओढणी एवढंच बघितलं. देव पावला म्हणून तो त्यांच्यामागे लागला.

काका डावीकडे लचकले की हा डावीकडे लचके. काकांनी हात उडवला की हा उडवे. नव्याच्या शर्टाला लावलेला माइक काढायचा राहिला होता, त्यामुळे दादांना आत बसून सगळं ऐकू येत होतं.

"काका, तुम्ही किती सुंदर चालता हो!"

"काय?"

"पुन्हा एकदा चालून दाखवा ना. नुसतं त्या झाडापर्यंत."

काकाही टीव्ही बघणारेच. जांभळा स्कार्फ बांधलेला देखणा पोरगा आपली चाल सुंदर म्हणतो म्हटल्यावर त्यांनी लगेच निदान केलं. "हे बघ बाळा," ते दोन पावलं मागे सरत म्हणाले, "मी संसारी माणूस आहे. तुझ्या भावना मी समजू शकतो, पण मला दोन मुली आहेत."

नेमक्या तेव्हाच घशाचं औषध घेऊन काकू फाटकातून आत आल्या. नवरा लचकत पळतोय आणि मागून एक पोरगा तस्साच लचकत धावतोय, हे दृश्य त्यांनी डोळे भरून पाहिलं. नंतर जो आरडाओरडा झाला, त्यासाठी दादांना हेडफोनची गरज उरली नाही. काकूंनी नव्याला दंडाला धरून थेट दिग्दर्शकापुढे उभं केलं.

"हा माझ्या माणसाच्या टाचेची नक्कल करतोय!"

"नक्कल नाही हो काकू," नवा रडकुंडीला आला. "सर म्हणाले तसा माणूस बघ, म्हणून मी ह्यांना बघितलं!"

सगळ्यांच्या माना काकांकडे वळल्या.

"तसा म्हणजे?" काकांचा आवाज आणखी वर चढला. "मी तसा? ह्या पोराला आत्ताच्या आत्ता काढा. नाहीतर आज एकही गाडी जागची हलणार नाही!"

दिग्दर्शकाला नटांची ददात नव्हती, गाड्यांची होती. तो नव्याकडे वळला. "सामान आवर. जा."

नव्याने स्कार्फ सोडला आणि त्याची घडी घालू लागला. घडी काही नीट बसेना. ते बघून दादांना राहवलं नाही. त्यांनी हेडफोन काढून ठेवले. "त्याला ठेवा साहेब. त्याचा माणूस चुकला, एवढंच. त्याने मला बघायला हवं होतं."

"तुम्हाला कशाला?"

"मी तसा आहे म्हणून."

स्टुडिओ खो खो हसला. दिग्दर्शकाने डोळे पुसले. "दादा, पोराला वाचवायला काहीही सांगाल! अहो, आरशात बघा. ह्या मिशा? हा शर्ट? तुमचे हातसुद्धा हलत नाहीत!"

इतकी वर्षं जे बोलायला धीर होत नव्हता, ते बोलून झालं आणि कोणी मानायला तयार नाही! दादांचा पारा चढला. त्यांनी खिशातून फोन काढला, तार यंत्राला जोडली आणि घरी लावला. मास्तरांचा आवाज भिंतीवरच्या मोठ्या स्पीकरमधून घुमला.

"मिळाला वाटतं वेळ? रक्तदाबाची गोळी टेबलावरच राहिलीये तुझी. तुझं डोकं धडावर आहे ते बरं, नाहीतर तेही इथेच राहिलं असतं."

"अरे, ऐक जरा—"

"तू ऐक. ओला टॉवेल पुन्हा गादीवर! किती वेळा सांगू? आणि आईचा फोन होता. तिला मी सांगितलं, तुमचा मुलगा सुधारणार नाही, तुम्ही माझ्याकडेच बघून राहा."

"अरे बाबा, इथे सगळे ऐकतायत."

दादांनी रुमाल काढून कपाळ पुसलं.

"सगळे म्हणजे?" मास्तरांनी हळूच विचारलं.

"अख्खा स्टुडिओ."

मग मास्तर घसा साफ करून, वर्गात बोलावं तसं म्हणाले, "बरं झालं. मग त्यातल्या कोणीतरी ह्याला वेळेवर जेवायला घाला. जेवणाआधीची गोळी चुकलीये."

पहिल्या हसल्या त्या काकू. पण ते हसणं वेगळं होतं. "झालं की!" त्या दिग्दर्शकाला म्हणाल्या. "आणखी काय पुरावा हवा तुम्हाला? ओल्या टॉवेलवरून इतकं बोलायचं म्हणजे संसारच लागतो." आणि नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्हाला कोणी तसं म्हटलं म्हणून काय टाच गळून पडली का? जा, दादांसाठी गाडी काढा. गोळी घेऊन या."

काका लचकत गेले आणि गोळी घेऊन आले. घरी मास्तरांनी त्यांना चहाही पाजला होता.

दुपारी दृश्य पुन्हा झालं. नव्याने स्कार्फ नव्हता बांधला. नायिका रडत येते, तर हा आधी चष्मा शोधतो, तिला पाणी देतो आणि आपल्या माणसाला फोन करून सांगतो, "यायला उशीर होईल. टॉवेल मी वाळत घातलाय, बघून घे." दादांचा हात सवयीने त्या बटणाकडे गेला आणि परत मांडीवर आला. दिग्दर्शकानेही मागितलं नाही. डोळ्यांत पाणी आल्याने दादांना तेवढ्या वेळापुरते यंत्रावरचे काटे दिसेनासे झाले, म्हणून आवाज किंचित मोठा मुद्रित झाला.

मालिका गाजली. आता टीव्हीवाल्यांचं तुम्हाला माहीतच आहे. दोन महिन्यांत प्रत्येक मालिकेत एकेक भरघोस मिशीवाला, करड्या शर्टातला, गोळ्या विसरणारा गे माणूस आला. आमच्या एका लाइटमनला मुलगी सांगून आली होती, तर मुलीच्या मावशीने त्याच्या मिशांकडे बघून खासगीत विचारलं, "टॉवेल कुठे वाळत घालता?" बिचाऱ्याने दुसऱ्या दिवशी मिशी उतरवली.

दादा घरी बसून त्यातलीच एक मालिका बघत होते. पोरगा, काकू, अगदी काकांची टाचसुद्धा, ह्या सगळ्यांचे उपकार कसे फेडायचे, असा विचार त्यांच्या मनात आला. "बघ," ते मास्तरांना म्हणाले, "आता सगळीकडे मीच आहे."

"खोटं आहे सगळं," मास्तर आतून म्हणाले.

"का?"

"त्यांच्यातला प्रत्येक जण टॉवेल वाळत घालतो."

दादा निमूटपणे उठले आणि गादीवरचा टॉवेल उचलून दोरीवर टाकून आले.