दिव्याची ड्यूटी

मोळीबाजाराच्या वळणावरचा नवा सरकारी दिवा दिवसा जळतो आणि संध्याकाळी विझतो, ही बातमी सोमवारी फुटली आणि मंगळवारपर्यंत उकंडरावांना वाशीममधून मान वर करून चालणं मुश्कील झालं. सरकारी दिवा आहे, लोक म्हणत, साडेदहाला कामावर येतो आणि साडेपाचला घरी जातो. एकाने तर दिव्याला दुपारच्या डब्याची सुट्टी असते का, हे अगदी गंभीर चेहऱ्याने विचारून घेतलं.

उकंडराव हे नगरपालिकेचे, म्हणजे गावच्या बोलीत कमेटीचे, जुने दिवेवाले. खांद्यावर शिडी आणि हातात घासलेटचा डबा घेऊन त्यांनी वीस वर्षं गावातले कंदील लावले. वीज आली तसे कंदील उतरले आणि शिडी तेवढी उरली. मोळीबाजाराच्या वळणाशी मात्र वीज पोचलीच नाही, तिची तार नाल्याच्या अलीकडेच थांबली होती. त्या वळणाला ना कठडा, ना उजेड. स्टेशनवरून संध्याकाळचं टपाल सायकलवर आणणारे पुंजाजी दोन वर्षांत तीनदा थैलीसकट नाल्यात गेले. तिसऱ्या खेपेला एका लग्नपत्रिकेवरच्या बावीस तारखेतला एक आकडा धुऊन निघाला आणि पाहुणे वीस दिवस आधी येऊन बसले. मुलीचा बाप अजूनही पुंजाजींशी बोलत नाही.

म्हणून एकोणऐंशी सालच्या एप्रिलमध्ये कुठल्याशा खात्याने प्रयोगासाठी पाठवलेला उन्हाचा दिवा याच वळणावर बसला, तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद पुंजाजींना झाला. तार नाही, घासलेट नाही. दिवसभर ऊन खायचं आणि रात्री उजेड द्यायचा. ऊन खाणारी काळी काच खांबाला पेलेना, म्हणून ती शेजारच्या पंचफुलाबाईंच्या धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, लाकडी घोडीवर तिरपी बसवली. बॅटरीची पेटी खांबाच्या बुडाशी. बसवणाऱ्या इंजिनीयरने उकंडरावांना एवढंच सांगितलं, की काचेला अंधार दिसला की दिवा आपोआप लागतो आणि उजाडलं की विझतो. तुम्ही फक्त रोज पहाटे काच पुसायची.

उकंडरावांनी ती अशी पुसली, की हिच्यावर जेवायला बसावं, असं ते गल्लीभर सांगत सुटले. पंधरा दिवस दिवा गुणी पोरासारखा वागला. पुंजाजी वळणावर आले की उगाचच घंटी वाजवत आणि कोरडे ठणठणीत घरी जात. मग मे महिना लागला आणि दिव्याचं डोकं फिरलं.

आता गंमत राहिली नव्हती. शुक्रवारी संध्याकाळी सातला अकोल्याहून साहेब तपासणीला येणार होते. दिवा नापास झाला तर तो उपटून दुसऱ्या गावाला जाणार, आणि उकंडराव कोंडवाड्यावर. हेडक्लार्कने हे फार मायेने सांगितलं, त्यामुळे ते जास्तच लागलं. वीस वर्षं गावाला उजेड दिलेल्या माणसाने म्हातारपणी लोकांच्या चुकार म्हशी राखायच्या, या विचाराने उकंडरावांना जेवण जाईना. जायच्या त्या फक्त कुरडया. यंदा बायकोच्या, भागिरथाबाईंच्या, कुरडया काही वेगळ्याच कडक वाळल्या होत्या, आणि तेवढं कौतुक त्यांनी त्या दुःखातही केलं.

उपाय सगळे झाले. पेटीवर ओलं पोतं टाकलं, तारा हलवून पाहिल्या, खांबाला लिंबू-मिरची बांधली. गुरुवारी भर दुपारी उकंडरावांना वाटलं की काच तापून तिचं घड्याळ बिघडत असावं, तिला थंड केली पाहिजे. ते पाण्याची बादली घेऊन शिडीने धाब्यावर चढले आणि वरच्या पायरीवर थांबले. काच दिसतच नव्हती. तिच्यावर ओलं पांढरं लुगडं पसरलं होतं आणि लुगड्यावर या कडेपासून त्या कडेपर्यंत कुरडया. पलीकडे डोक्यावर पदर घेऊन पंचफुलाबाई शेवटची ओळ लावत होत्या.

"वयनी, हे काय आहे?"

"कुरोड्या. दिसत नाई का?"

"थे दिसते. पन काचीवर काहून?"

"मंग कुठीसा टाकू? काच तापते मस्त, उतार आहे त पानी निथळून जाते. चमकते म्हनून कावळा येत नाई. तुमीच त म्हनलं, हिच्यावर जेवाले बसा." पंचफुलाबाईंनी बोटाने दाखवलं. "साऱ्या गल्लीच्या आहेत. थो कोपरा तुमच्या भागिरथाचा."

उकंडरावांनी बादली खाली ठेवली. मग हळूच लुगड्याचं एक टोक धरून, कुरडया न हलवता, ते वर उचललं. खालून पुंजाजी जात होते, त्यांना हाक मारून दिव्याकडे पाहायला सांगितलं.

"विझला ना," पुंजाजी खालून म्हणाले.

उकंडरावांनी लुगडं खाली सोडलं.

"लागला."

काच लुगड्याखाली गेली की तिला वाटायचं रात्र झाली. दिवसभर ती बिचारी इमानाने दिवा जाळायची आणि खरी रात्र येईपर्यंत बॅटरी रिकामी व्हायची. वीस वर्षांत इतका आनंद उकंडरावांना झाला नव्हता. त्यांनी लुगडं पुन्हा उचललं, पुन्हा सोडलं. खालून विझला, लागला, विझला चाललं होतं. पाचव्या खेपेला हाताला जरा जास्तच जोर आला, लुगडं सटकलं आणि साऱ्या गल्लीच्या कुरडया उतारावरून घसरत धाब्याच्या कडेने थेट पुंजाजींच्या डोक्यावर गेल्या. उरल्यासुरल्या रस्त्यावरच्या शेळ्यांनी फस्त केल्या.

पंचफुलाबाईंनी रिकामं लुगडं उचलून झटकलं. मग म्हणाल्या, "भाऊजी, खाली उतरा. या धाब्यावर पुन्ना पाय ठेवसान त तुमची शिडी माह्या चुलीत जाईन."

उकंडराव खुशाल उतरले. काच आता मोकळी होती, त्यांना धाब्याशी काय करायचं होतं? शुक्रवारी काचेने सकाळपासून पोटभर ऊन खाल्लं. उकंडरावांनी दाढी केली, टोपीला इस्त्री केली आणि संध्याकाळची वाट पाहत खांबाला टेकून बसले.

साहेबांची जीप दुपारी बारा वाजता आली.

साहेबांना संध्याकाळी अकोल्यात दुसरं काम निघालं होतं. ते छत्री उघडून उतरले, हातातला कागद पाहिला आणि दिवा लावून दाखवा म्हणाले. उकंडरावांनी हात जोडून समजावलं, की याला बटण नसतं, हा अंधार पडला की आपोआप लागतो.

"मग अंधार करा," साहेब म्हणाले.

"साहेब, दुपारचे बारा वाजले."

"ते मला दिसतंय. कागदावर दोनच रकाने आहेत, लागतो आणि लागत नाही. मी पाच मिनिटं थांबतो."

उकंडराव पळत पंचफुलाबाईंच्या अंगणात गेले. तिथे गल्लीतल्या बायका परातीत गव्हाचा गरम चीक घेऊन बसल्या होत्या आणि कालच्या नासाडीबद्दल एकेकीचं म्हणणं चाललं होतं. त्यांत भागिरथाबाई होत्या आणि त्यांचं म्हणणं सगळ्यांत लांब होतं. उकंडरावांनी टोपी काढली, सगळ्यांसमोर माफी मागितली, आणि वरती एक लुगडं टाका म्हणून विनवलं.

पंचफुलाबाईंनी सोऱ्या बाजूला ठेवला. "टाकतो. पन उद्यापासून कुरोड्या तुमच्या धाब्यावर वाळतीन. तिथं कावळे लय. राखन तुमी करान, पावसाचं पानी लागेपर्यंत."

"वयनी, मी कमेटीचा मानूस आहे."

"मंग कमेटीच्या मानसानं अंधार करून दाखवावा."

बाहेर जीपचा भोंगा वाजला. भागिरथाबाईंनी नवऱ्याकडे पाहून मान डोलावली, आणि उकंडरावांनी हो म्हटलं.

पंचफुलाबाई पदर खोचून वर चढल्या. उकंडराव धापा टाकत खांबापाशी आले, सावरून उभे राहिले आणि वर पाहून म्हणाले, "वयनी, अंधार."

दिवा लागला. साहेब छत्री आडवी धरून तिच्या सावलीत नीट पाहू लागले. लागला होता खरा. आता बंद करा, ते म्हणाले.

"वयनी, उजेड."

दिवा विझला. साहेबांच्या कपाळावरची आठी गेली. त्यांनी पुन्हा लावायला सांगितला, पुन्हा विझवायला. अंधार, उजेड, अंधार. मोळीवाले मोळ्या टाकून जमले, पोरं मोठ्याने अंधार ओरडू लागली आणि पंचफुलाबाई वरून दरडावू लागल्या की एकानंच सांगा, मले लुगडं एकच आहे. साहेब स्वतः दोनदा अंधार म्हणाले आणि दोन्ही वेळा दिव्याने त्यांचं ऐकलं. मग त्यांनी विचारलं, वर कोण आहे?

उकंडरावांनी टोपी सारखी केली. "थ्या अंधाराच्या बाई आहेत, साहेब."

एक महिला मदतनीस, असं साहेबांनी लिहून घेतलं. त्याखाली लिहिलं, की दिवा सांगितल्याबरोबर लागतो व सांगितल्याबरोबर विझतो, सबब कायम करावा, आणि चालक कुशल असल्याने त्यास इथून हलवू नये. इतर गावांतले दिवे कोणाचंच ऐकत नाहीत, असं हळहळून म्हणत ते जीपमध्ये बसले. पंचफुलाबाईंनी त्यांना कागदात बांधून कुरडया दिल्या.

त्या संध्याकाळी दिवा आपल्या वेळेला, कोणी न सांगता लागला. पुंजाजी वळणावरून घंटी वाजवत कोरडे गेले. खांबाशी उभे असलेले उकंडराव, कोणी पाहत नाही असं पाहून, टोपीच्या टोकाने डोळे पुसत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुंजाजी टपाल वाटत उकंडरावांच्या घरावरून चालले होते. वर धाब्यावर, डोक्यावर ओला पंचा टाकून, हातात शिडीएवढी काठी घेऊन उकंडराव बसले होते. त्यांच्या चारी बाजूंना साऱ्या गल्लीच्या कुरडया होत्या आणि कुरडयांच्या चारी बाजूंना कावळे. कोंडवाड्यातल्या म्हशी निदान उडत तरी नाहीत, असा विचार त्यांच्या मनात येऊन गेला होता, पण तो त्यांनी कोणाला सांगितला नाही.

"काय करून राह्यले, उकंडराव?" पुंजाजींनी विचारलं.

उकंडरावांनी एका कावळ्यावर काठी उगारली आणि घाम पुसला.

"दिवा लावून राह्यलो," ते म्हणाले.