कोबाल्टाच्या स्फटिकाची दिशा ठरविली त्याची हकीकत

श्री. दाही दिशांच्या धन्यास दंडवत घालून लिहिण्यास आरंभ केला ऐसाजे. शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभननाम संवत्सरी, माघमासी राज्यांत मोठा प्रसंग गुदरला. दर्यावरील गलबतांस उत्तम होकायंत्र असावे ऐसे प्रधान अमृतराव यांचे मनी आले आणि कोबाल्टाच्या मिश्रधातूचा एक अखंड स्फटिक दोन वर्षे भट्टींत जतन करून वाढविला, आणि त्याची सुई कापावी ऐसा हुकूम जाहला. परंतु स्फटिकांतील अणूअणूंत लहानसे चुंबक, ती सर्व कोणत्या दिशेस तोंड करून सुखे राहतील हे आधी गणितें पाहणे प्राप्त. कां की सुई वांकडी कापली म्हणजे स्फटिक व्यर्थ जाणार आणि दुसरा नाही. मग गणकीण सगुणाबाई घैसास यांनी संगणकावर सात दिवस हिशेब करून लिहून दिले की, "सोपी दिशा एक, एक, शून्य," म्हणजे दोन अक्षांवर एकेक पाऊल आणि तिसऱ्यावर काही नाही. आणि पडताळ्यास रंगोजी टिळेकर यांस नेमिले. त्यांनी तेच आकडे आपल्या संगणकास सांगितले, तों चुंबकांची ऊर्जा, जी सोप्या दिशेस सर्वांत कमी यावी, ती भलतीच आली. मग रंगोजी भर कचेरींत बोलिले, "बाई, तुमची दिशा खोटी." बाई संतापून म्हणाल्या, "खोटे तुमचे यंत्र!" आणि दहा वर्षांचा स्नेह असतां उभयतांनी बोलणे टाकिले, आणि अमृतरावांची मर्जी बहुत खट्टू जाहली.

ऐसियांत कापणीचा दिवस आला. कासम शिकलगार हातीं करवत घेऊन म्हणाला, "सरकार, मला आकडे कळत नाहीत. बोट लावून दाखवा, कोणत्या अंगाने कापू?" मग बाई आणि रंगोजी दोघांनी एकदमच बोट लाविले, आणि बोटे पंधरा अंशांनी वेगळी पडली. कासम म्हणाला, "आकडे तेच आणि बोटे दोन, हे कैसे?" रंगोजी बाईंकडे वळले. म्हणाले, "बाई, आपण एक पाऊल कोठून कोठे मोजिले?" बाई म्हणाल्या, "स्फटिकाच्या कडेकडेने. त्याच्या दोन कडांत एकशे वीस अंशांचा कोन आहे." रंगोजींनी कपाळास हात लाविला. "मी तर काटकोनांत मोजिले, पूर्वेस एक आणि उत्तरेस एक!" तों सगुणाबाईंस ऐसे हसू लोटले की पदर तोंडास लावावा लागला, आणि रंगोजीही हसले, आणि प्रधानही. मग रंगोजींनी बाईंची दिशा काटकोनाच्या मापांत फिरवून पुनः गणित मांडिले, आणि ऊर्जा शेवटच्या आकड्यापर्यंत जुळली. रंगोजी उठून म्हणाले, "चुकलो. खोटे म्हणण्याआधी पुसावयाचे होते." बाई म्हणाल्या, "मीही कडांचा उल्लेख लिहिला नाही. चला, चहा सांगा."

कासमाने स्फटिक कापिला, सुई सरळ उतरली आणि पहिलेच गलबत धुक्यांतून बिनघोर बंदरास लागले. प्रधानांनी हुकूम काढिला की, दिशा लिहिणाराने आधी कोणाच्या अक्षांनी मोजिली ते लिहावे, मग आकडा. कासमास शालजोडी दिधली. येणेप्रमाणे घडले ते लिहिले. वाचणारांनी सुखी असावे.