बोर्डापेक्षा एक जास्त

गाडीखाली गेलेल्या माणसाच्या तेराव्याला सुदामदादा न चुकता जातात आणि पानावर बसण्याआधी घरच्यांना विचारतात, "जागेवर गेला का दवाखान्यात?" "जागेवरच" असं उत्तर आलं की त्यांचं तोंड उतरतं, आणि ते उतरलेलं लपवणं त्यांना जमत नाही. हल्ली त्यांना तेराव्याची बोलावणी कमी येतात.

माझी पिठाची गिरणी टोकावड्याला, माळशेजच्या रस्त्याला लागून. समोरच तो बोर्ड. लाल दिव्यांची अक्षरं: "या रस्त्यावर यंदाचे अपघाती मृत्यू", त्याखाली आकडा, त्याखाली "सावकाश चला". बोर्ड लावला तेव्हा नारळ फोडणारे साहेब म्हणाले, आकडा बघून माणूस घाबरेल आणि हळू जाईल. गाड्या हळू झाल्या खऱ्या, पण आकडा वाचायला. पुढचा वाचायला ब्रेक मारतो आणि मागचा त्याच्यावर येऊन आदळतो. पहिल्या महिन्यात दोन गाड्या बोर्डाखालीच ठोकल्या. घाटात फिरायला जाणारे उतरून आकड्यासोबत फोटो काढतात. एकानं मला विचारलं, "मावशी, हा रोज वाढतो का?"

मी म्हटलं, "रस्त्याच्या मधोमध उभा हायेस. आता तुझ्यावर हाय."

सुदामदादा माझे शेजारी. जन्मभर एसटीत ड्रायव्हर. त्यांचं मत ठाम आहे: "गाडी चालवनाऱ्याला वाचायला देऊच नये. वाचायचं पॅशिंजरनी." रोज सकाळी जुना खाकी शर्ट चढवून ते बोर्डासमोर उभे राहायचे, आकडा वाचायचे आणि पोरांची वही तपासावी तसं मोठ्यानं म्हणायचे, "चूक!" मग घराच्या भिंतीवर गेरूनं बरोबर आकडा लिहायचे. तो नेहमी बोर्डापेक्षा एकानं जास्त असायचा.

तो एक म्हणजे त्यांची बायको. होळीच्या आदल्या आठवड्यात सरपणाचा भारा घेऊन रस्ता ओलांडत होती. कारवाल्यानं उडवली. "मी बोर्ड वाचत होतो," असं त्यानं स्वतःच पोलिसांना सांगितलं, मोठ्या प्रामाणिकपणे. ती एकोणीस दिवस ठाण्याच्या दवाखान्यात होती. गेली ती तिथंच. म्हणून बोर्डात नाही. बोर्डानं मारली आणि बोर्डानंच मोजली नाही.

दर सोमवारी दादा अर्ज घेऊन मुरबाडला त्या बोर्डाच्या ऑफिसात. असाच दवाखान्यात गेलेला आणखी कोणी सापडला तर अर्जाला वजन येईल, म्हणून ती तेराव्यातली चौकशी. एकदा गिरणीचा पट्टा आणायचा होता म्हणून मीही बरोबर गेले. तिथले साहेब समजावत होते, "काका, जागेवर गेलेलेच धरतात. नियम आहे."

"तिला तसं सांगायला पायजे होतं," दादा म्हणाले. "घाई केली असती."

"अहो, एकानं काय फरक पडतो?"

"मंग तुमच्यातला एक द्या."

साहेबांनी पाणी मागवलं. स्वतःसाठी.

डिसेंबर सरता सरता साहेब थकले असावेत. एका सकाळी बोर्डावरचा आकडा एकानं वाढलेला दिसला. रस्त्यावर त्या आठवड्यात कोणी मेलं नव्हतं. दादा कितीतरी वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "बरोबर." इतक्या हळू, की मी समोर होते म्हणून कळलं.

अकरा दिवस बोर्ड खरं बोलला. एक जानेवारीला आकडा शून्य झाला. नवीन वर्ष, जुने मेलेले माफ.

मला वाटलं, आता दादा ऑफिसच डोक्यावर घेतील. सोमवार आला. ते साध्या बंडीत गिरणीत आले आणि गव्हाच्या पोत्यावर बसले.

"आज मुरबाड नाय?" मी विचारलं.

"कशाला? यंदा कोन मेलं नाय. शून्य बरोबर हाय त्यांचं."

"मग बरं झालं की. दर सोमवारची फेरी वाचली."

ते पिठानं पांढरे झालेले हात नुसतेच झटकत राहिले. मग म्हणाले, "तिथं खिडकीवरची बाय दर टायमाला इचारायची, मयताचं नाव सांगा. मी सांगायचो. काचेतून तिला ऐकू नाय जायचं, मंग परत सांगायचो, मोठ्यानं." पोत्याची सुतळी बोटाला गुंडाळली. "बत्तीस वर्सं घरात 'अगं ए' केलं गो बाय. बायकोचं नाव घ्यायची लाज वाटायची. नाव घेतलं ते त्या खिडकीवरच. आता कुठं घेऊ?"

"काय नाव?" मी विचारलं.

"यमुना."

गिरणी चालू होती. मला नीट ऐकू आलं होतं.

"काय?" मी म्हटलं. "ऐकू नाय आलं दादा. मोठ्यानं बोला."