मेश्रामकाकूंचा जर्मन हिवाळा

मेश्रामकाकूंकडे चहाला गेलं, की कपाच्या आधी हातात कार्यक्रमपत्रिका येते.

खरोखरची. जाड कागदाची, मधोमध दुमडलेली, निळ्या शाईत हातानं लिहिलेली. मला पहिल्यांदा मिळालेली अजून आठवते : 'एक – स्वागत. दोन – चहा आणि चिवडा. तीन – श्री. मेश्राम यांचे गुडघ्याविषयी निवेदन, वेळ तीन मिनिटे. चार – मध्यंतर. पाच – मोकळ्या गप्पा. सहा – आभार.' मी हसले. काकू हसल्या नाहीत. गुडघ्याचं निवेदन चौथ्या मिनिटात शिरलं तेव्हा त्यांनी बशीवर चमचा वाजवला आणि काका 'एक्स-रेमध्ये' या शब्दावर वाक्य सोडून गप्प झाले. मध्यंतरात आम्ही तिघं उठलो, चार पावलं चालून खिडकीशी गेलो, लांबून जाणारी एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, पाहिली आणि परत येऊन त्याच खुर्च्यांवर बसलो.

"आमच्या फेराइनमध्ये असंच असायचं," काकू म्हणाल्या. "कार्यक्रम म्हणजे कार्यक्रम."

सिंगापूरच्या चोआ चू कांग भागातल्या आमच्या इमारतीत, नवव्या मजल्यावर, आमच्यापासून तिसरं दार मेश्रामांचं. काका निवृत्त चीफ इंजिनिअर; सगळा जन्म मालवाहू जहाजांवर गेलेला. काकू सत्तरीच्या, ठेंगण्या, ताठ, मूळच्या नागपूरकडच्या. आणि फेराइन म्हणजे मिलवॉकी नावाच्या अमेरिकन शहरातलं जर्मन लोकांचं गायन मंडळ. नागपूरकडची बाई सिंगापुरात बसून अमेरिकेतल्या जर्मनांना 'आमचे' कसं म्हणते, हे कळायला मला आणखी दोन चहा लागले.

झालं होतं असं. लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं, काकू तेवीस वर्षांच्या होत्या. त्या काळी अधिकाऱ्यांना बायको सोबत नेता येत असे, म्हणून काकांबरोबर त्याही बोटीवर गेल्या. बोट धान्य भरायला अमेरिकेतल्या मोठ्या सरोवरांत शिरली आणि तिथे इंजिन बिघडलं. दुरुस्ती लांबली, तोवर पाणी गोठलं आणि समुद्राकडे जायच्या कालव्याची दारं वसंतापर्यंत बंद झाली. बहुतेक लोकांना कंपनीनं विमानानं घरी धाडलं. काका इंजिनाबरोबर राहिले. गोठलेल्या बोटीवर काकूंचे हाल होऊ लागले, तेव्हा बोटीच्या एजंटानं त्यांना शहरात हिल्डा नावाच्या एका म्हाताऱ्या विधवेकडे खोली मिळवून दिली.

हिल्डाबाईंचे आजी-आजोबा जर्मनीहून आलेले. घरात अजून जर्मन, आणि संध्याकाळी घरात कोणीच नाही. कारण मंगळवारी गायन, बुधवारी पत्ते, गुरुवारी जर्मन नाटक, शुक्रवारी कॉफी आणि केक, शनिवारी नाच. पाहुणीला एकटीला घरात कसं टाकायचं, म्हणून त्या काकूंना सगळीकडे घेऊन जात.

"म्हणजे एकूण किती वर्षं होतात तुम्ही तिथे?" मी विचारलं होतं.

"चार महिने."

मी पत्रिकेत तोंड लपवलं.

"चार महिने," काकू म्हणाल्या, "पण सीझन पूर्ण."

त्या हिवाळ्याविषयी काकांना विचारलं, तर त्यांच्या मते तिथे घडण्यासारखं एकच घडलं : मेन इंजिनाचं बेअरिंग गेलं. शहर कसं होतं? "थंड." लोक कसे होते? "सुटे भाग वेळेवर देत नसत." रविवारी ते बायकोला भेटायला हिल्डाबाईंकडे जात, केक खात आणि बेअरिंगविषयी बोलत. एकाच हिवाळ्यातून दोघं बाहेर आली होती, पण वेगवेगळ्या दारांनी.

काकूंचा हिवाळा एका तपकिरी सुटकेसमध्ये असतो. सुटकेस बॉम्ब शेल्टरमध्ये असते. इथल्या नव्या फ्लॅटांत सरकारनं लोखंडी दाराची एक भक्कम खोली दिलेली असते, युद्ध झालं तर जीव वाचवायला. बाकी सगळे तिथे तांदूळ आणि सायकली ठेवतात. मेश्रामांच्या शेल्टरमध्ये दोन माणसांना उभं राहायला जागा नाही. "वेळ आली तर आम्ही बाहेर थांबू," काकू म्हणतात. सुटकेसच्या आत काय आहे? गायनाच्या पत्रिका, नाटकांची अर्धी फाडलेली तिकिटं, नाचाच्या वेळी बायका मनगटाला बांधत त्या जोडीदारांच्या नावांच्या छोट्या यादीवह्या, पत्त्यांच्या गुणांचे कागद, कार्निव्हलचं पुठ्ठ्याचं पदक, बिअरच्या ग्लासाखालच्या चकत्या. काकूंनी बिअर कधी चाखली नाही. चकत्या मात्र बावीस. प्रत्येक वस्तू बटर पेपरात, प्रत्येकीवर चिठ्ठी.

ही सगळी शिस्त त्या बाहेरही वापरतात. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊच्या बाजारात, कोणी रांगेत मधे घुसलं, की काकू त्याच्या खांद्यावर बोट ठेवून "ऑर्डनुंग!" म्हणतात. म्हणजे जर्मनमध्ये शिस्त. चिनी आजोबा असो की तमिळ मुलगा, समोरच्याला शब्द कळत नाही, पण तो मागे जातो. माझी मुलगी रेवा त्यांना लिफ्टमध्ये भेटली, की आपोआप दप्तर सरळ करते. "काकू सो स्ट्रिक्ट, लाह," ती इथल्या मुलांसारखं म्हणते; पण त्या बाहेर पडल्यावर.

फक्त आपल्या मराठी लोकांच्या कार्यक्रमांना काकू जात नाहीत. गणपती, दिवाळी पहाट, हळदीकुंकू, काही नाही. "तिथे वेळेवर काही सुरू होत नाही," एवढंच कारण त्या देतात. मला ते पटत असे, कारण ते खरंही होतं.

मागच्या वर्षी मी एक आगाऊपणा केला. सुटकेसमध्ये एक मोठा फोटो होता : रंगमंचावर तीन रांगांत उभं असलेलं अख्खं गायन मंडळ, साठेक माणसं. तांजोंग पगारला माझ्या ऑफिसात चांगला स्कॅनर आहे. मी काकूंना विचारून तो फोटो नेला, स्कॅन केला, आणि न विचारता मिलवॉकीच्या एका ग्रंथालयाला पाठवला. आठ दिवसांत उत्तर आलं. लिहिणारीचं नाव क्लारा. तिनं कळवलं होतं की ते मंडळ कधीच बंद झालं, सभागृहही पाडलं गेलं. पण हिल्डा नावाच्या एका सभासद बाईंच्या चिकटवह्या ग्रंथालयात जपून ठेवल्या आहेत. त्यांत दर वर्षीच्या पत्रिका आणि तिकिटं आहेत, फक्त एका हिवाळ्याची पानं कापून काढलेली आहेत. तो हिवाळा तुमच्याकडे आहे का?

मी पत्र वाचून दाखवलं.

"निघताना हिल्डानं पुडकं दिलं होतं," काकू म्हणाल्या. "मला वाटलं, जास्तीच्या प्रती असतील. वहीतून कापून दिल्या हे मला नव्हतं माहीत."

मग एकदम त्यांना राग आला. "आणि ही क्लारा काय समजून राहिली? पत्र टाकलं की मी सुटकेस देऊन टाकीन? अर्ज कुठाय? ठराव कुठाय?" रागावल्या की काकूंची भाषा नागपूरला जाते.

क्लारानं अर्ज पाठवला. ठराव पाठवला नाही, पण भेटीची वेळ मागितली. एका शनिवारी सकाळी, तिकडे शुक्रवारची संध्याकाळ असताना, माझ्या लॅपटॉपवर व्हिडिओ कॉल ठरला. काकू हिल्डाबाईंनी दिलेला जाड लोकरी स्वेटर घालून बसल्या. सिंगापुरात. छताचा पंखा, टेबलाचा पंखा आणि काकांच्या हातातलं वर्तमानपत्र अशी तिहेरी व्यवस्था होती.

क्लारा तिशीची, गोड मुलगी. तिनं फोटो पडद्यावर लावला आणि म्हणाली, यातलं कोणी आठवतं का? आमच्याकडे एकाही चेहऱ्याला नाव नाही.

काकूंनी चष्मा लावला आणि डावीकडून सुरुवात केली. इंग्रजी अगदी साधं, पण कुठेही अडखळत नव्हतं. पहिल्या रांगेतला पहिला खाटीक, कोटाला कायम मसालेदार सॉसेजचा वास. दुसरी शाळेतली बाई, कोटाच्या खिशात दुसऱ्या बाईच्या नवऱ्याची पत्रं. तिसरा बँकेतला, कोट भारी पण अस्तर तीनदा शिवलेलं. ही जाडी, हिच्या फरच्या कॉलरखाली चपटी बाटली. तो उंच, कोटाला डांबराच्या गोळ्यांचा वास, आणि स्वतःला मुख्य गायक समजायचा. साठच्या साठ नावं. क्लारा लिहून लिहून थकली. काकांनी वर्तमानपत्र हलवायचं थांबवलं होतं. त्यांनीही हे कधी ऐकलं नव्हतं.

"कमाल आहे," क्लारा म्हणाली. "आणि यात तुम्ही कुठे आहात? कोणत्या रांगेत गायचात?"

मीही पुढे वाकले. इतकी वर्षं मी धरूनच चालले होते की काकू गात असणार.

"मी फोटोत नाही," काकू म्हणाल्या. "मी कोटखोलीत होते. सगळ्यांचे कोट घ्यायचे, टांगायचे, परत द्यायचे."

क्लारा जरा गडबडली. "म्हणजे तुम्हाला त्या कामावर ठेवलं होतं?"

"नाही, नाही. मी मेंबर होते. हिल्डानं माझं नाव सुचवलं, स्टेजवरून वाचलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गाणं मला येत नव्हतं. काय करशील, म्हणाले. कोटखोली मी मागून घेतली."

कॉल संपला. काका गुडघा धरून उठले आणि स्वयंपाकघरात चहा ठेवायला गेले. हे मी त्या घरात पहिल्यांदाच पाहिलं. काकूंनी स्वेटर काढून मांडीवर घेतला.

"कोटखोली का मागितली?" मी विचारलं.

"आमच्या गावात माझ्या आईच्या हातचं पाणी कोणी घेत नसे," काकू सहज बोलल्यासारखं म्हणाल्या. "आम्ही बुद्धाचे झालो तरी घेत नसत. शाळेत मी पट्टी दिली, तर पोरी आधी ती जमिनीवर ठेवायला सांगत. मग उचलत. आणि तिथे साठ माणसं रोज आपला कोट माझ्या हातात देत. अंगावरचा, गरम. जाताना माझ्याच हातून घेऊन अंगात घालत. मी मागे धरायचे, ते हात घालायचे. गुड नाइट, मिसेस मेश्राम. त्यांना ते नाव उच्चारताही येत नव्हतं. पण नाव ऐकून पुढचा प्रश्न कोणी विचारला नाही."

आतून कप आपटल्याचा आवाज आला. काका बशा शोधत असावेत.

आठवड्याभरानं काकूंनी सुटकेस द्यायचं ठरवलं. कारण विचारलं तर म्हणाल्या, "तिची वही अर्धवट राहिली आहे ना." ग्रंथालयाकडून वस्तू दान करण्याचा छापील अर्ज आला होता, तो मी भरत होते. 'मंडळाशी नातं' असा एक रकाना होता. मी 'पाहुण्या' लिहायला घेतलं, तर त्यांनी पेन काढून घेतलं आणि स्वतःच्या हातानं मोठ्या अक्षरांत 'मेंबर' लिहिलं.

मग आम्ही दोघी खोकं भरायला बसलो. मी बटर पेपर कापत होते, त्या पुडकी बांधत होत्या. माझ्या मनात आठवडाभर एक गोष्ट घोळत होती. शेवटी ती तोंडातून बाहेर आलीच.

"काकू, आम्ही इथे नवीन राहायला आलो, तेव्हा तुम्ही डबाभर अनारसे दिले होते."

"तुझ्या सासूबाई आल्या होत्या तेव्हा."

"हो. त्यांनी तुमचं आडनाव विचारलं. आणि मग..."

"माहीत आहे," काकू म्हणाल्या. त्यांचे हात थांबले नाहीत. "मी मजल्यावरच्या शूटमध्ये कचरा टाकायला गेले, तर त्या नळाच्या तोंडाशी एक अनारसा अडकून बसला होता. मीच आत ढकलला. मुंग्या झाल्या असत्या."

मला वर बघवेना. "सासूबाईंनी खाल्ले नाहीत. पण टाकले मी. घरात वाद नको म्हणून. आणि तुम्हाला सांगितलं की फार छान झाले होते."

"छान झालेच होते ते."

"हे सगळं माहीत असून तुम्ही त्याच आठवड्यात मला चहाला बोलावलंत?"

काकूंनी खोक्याची झाकणं मिटवली आणि दोन्ही हातांनी दाबून धरली.

"रिकामा डबा परत द्यायला तू दारात आलीस ना, तेव्हा तुझं तोंड एवढंसं झालं होतं. म्हटलं, हिला वाईट वाटतंय. बोलावलं तर ही येईल." त्यांनी हनुवटीनं टेबलाकडे खूण केली. "चिकटपट्टी दे इकडे. माझ्या हातात दे, खाली नको ठेवूस."