खिडकीतून धरलेली जागा

गर्दी दिसली की तीच आपली गाडी, हा दिनकररावांचा हिशेब पालमच्या बसस्टँडवर कधी चुकला नव्हता. बस थांबायच्या आत खिडकीतून पिशवी टाकायची, जागा धरायची आणि मग ऐटीत दारातून चढायचं. निलगिरीच्या पायथ्याच्या स्टेशनवरही त्यांनी तेच केलं. फलाटाच्या एका बाजूला मोजक्या डब्यांची, खेळण्यातली वाटावी अशी गाडी उभी होती आणि दुसऱ्या बाजूला माणसांनी खच्चून भरलेली लांबलचक गाडी. दिनकररावांनी लांब गाडीच्या खिडकीतून पिशवी आत ढकलली आणि तेवढ्यात ती गाडी सुटली.

"अण्णा, आपल्या जागा मोबाइलवर बुक हायेत," कोइंबतूरला नोकरी करणारी त्यांची लेक प्रियांका म्हणाली. "आन् आपली गाडी ही छोटी हाय."

पिशवीत धपाटे होते, शेंगदाण्याची चटणी होती, फोटो काढून साऱ्या पालमला दाखवायचे म्हणून आणलेला दिनकररावांचा फोन होता. ते सगळं गेलं तरी चाललं असतं. पण चतुराबाई हळूच म्हणाल्या, "माजा चष्मा पिशवीतच होता."

चतुराबाईंचं माहेर गंगाखेडचं, घर रुळांजवळ. लहानपणी कोळशाचं इंजिन रोज दारावरून जायचं, पण त्या गाडीत बसायला कधी मिळालं नाही. सासरी आल्या त्या एसटीनं, आणि पुढे रेल्वेत बसायचा योग आला तोवर इंजिन डिझेलचं झालं होतं. एकदा धुराच्या गाडीत बसून डोंगर बघायचा, एवढंच त्यांनी लेकीकडे मागितलं होतं. आता धूर होता, डोंगर होता, आणि चष्म्याशिवाय त्यांना हाताच्या पलीकडचं सगळं पुसट दिसत होतं.

प्रियांकानं अण्णांच्या नंबरवर फोन लावला. पलीकडच्या तमिळ गृहस्थानं मोडक्यातोडक्या हिंदीत धीर दिला. पिशवी सुखरूप होती, ती तो पुढच्या स्टेशनमास्तरकडे देणार होता. फक्त आपण कुठल्या स्टेशनवर चढणार तेवढं सांगा, असं त्याचं म्हणणं होतं, कारण सीटवर पिशवी असल्यामुळे त्यानं अजून तिथं कुणाला बसू दिलं नव्हतं.

"बघ, जागा मिळाली का न्हाई?" दिनकरराव म्हणाले. मायलेकींपैकी कुणीही हसलं नाही.

मग ते चतुराबाईंच्या शेजारी खिडकीशी बसले आणि खाली मान घालून म्हणाले, "मी सांगतो तुला. जे दिसंल ते समदं सांगतो."

हे म्हणणं सोपं होतं, करणं अवघड. घरात बायकोशी त्यांचं दिवसभराचं बोलणं म्हणजे पाणी दे, वाढ आणि दिवा घालव. त्यामुळे सुरुवात जरा कोरडीच झाली. झाडं हायेत. मोठी झाडं हायेत. इंजिन मागं लावलंय आन् मागून ढकलायलंय. हे शेवटचं त्यांना पटलं नाही, कारण पालमकडे गाडी मागून ढकलायची वेळ ती बंद पडल्यावरच येते. पण त्या इंजिनानं शिट्टी दिली आणि दिनकररावांच्या अंगावर काटा आला. चतुराबाईंच्या डोळ्यांना धारा लागल्या, त्या धुरामुळे असं त्यांनी सांगितलं.

पहिला बोगदा आला. डब्यात अंधार झाला, धूर आत आला आणि चतुराबाई लवंगेसाठी बटवा चाचपू लागल्या. उजेड झाल्यावर त्या खिडकीकडे वळून म्हणाल्या, "हं, सांगा."

दिनकरराव खिडकीबाहेर बघत सांगत राहिले. चढ वाढला तसे शब्द सापडत गेले. चहाचे मळे कसे, तर हरभऱ्याचे शेंडे खुडून सारखं केलेलं शिवार. डब्यातले लोक त्यांच्याकडे बघू लागले, तरी ते थांबले नाहीत. मग उंच पूल आला. दिनकररावांनी जन्मात चढलेली सगळ्यात उंच जागा म्हणजे घराचा स्लॅब. त्यांनी डोळे गच्च मिटले आणि सांगितलं, "खाली नदी हाय. गंगाखेडच्या गंगेएवढी. भरून चाललीय."

पूल संपल्यावर डोळे उघडले आणि त्यांचं बोलणंच थांबलं. डोंगराच्या मागे डोंगर, त्यांच्या मागे निळे डोंगर, आणि दरीत पांढरे ढग निवांत पडलेले. सपाट काळ्या रानात वाढलेल्या माणसाला देवानं एवढं सगळं करून ठेवलंय आणि आपल्याला कुणी सांगितलंच नाही, असं वाटून गेलं.

"गप का झालात?"

"ढग खाली हायेत, चतुरे," ते म्हणाले. लग्नातल्या उखाण्यानंतर त्यांनी बायकोचं नाव घेतलं ते थेट इथं.

वरच्या स्टेशनात उतरल्यावर सगळे इंजिन बघायला गेले. ते वाफ सोडत पाणी पीत होतं. चतुराबाई बराच वेळ त्याच्याकडे बघत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "पुलाखाली नदी न्हवती. नुसते दगड होते. तुमी डोळे मिटलेले."

दिनकररावांना हे समजायला जरा वेळ लागला. त्यांनी वळून पाहिलं, तर चतुराबाईंच्या डोळ्यांवर चष्मा.

"कवा सापडला?"

"पैल्या बोगद्यात. बटव्यातच होता."

"मंग बोलली का न्हाईस?"

"तुमी बोलायला लागलाव ना," चतुराबाई म्हणाल्या.

परतीच्या गाडीत खिडकीची जागा चतुराबाईंनाच मिळाली. गाडी हलली तसा त्यांनी चष्मा काढला, बटव्यात ठेवला आणि नाडी ओढली.

"सांगा आता," त्या म्हणाल्या. "आन् पुलावर डोळे उघडे ठेवा."