मजकूर जसाच्या तसा घ्यावा

सत्तावीस वर्षं केंद्र सरकारात काढलेल्या माणसाला वेबसाइटचा आराखडा म्हणजे चहा गाळण्याइतकं सोपं काम! असं मी आमच्या दिल्लीतल्या मराठी मंडळाच्या बैठकीत म्हणालो आणि कुणी काही बोलायच्या आत ते काम अंगावर घेतलंही.

"जमेल ना नक्की?" अध्यक्ष अण्णासाहेबांनी विचारलं. "मुलांचा प्रश्न आहे."

"बिल्कुल!"

प्रश्न खरोखरच मुलांचा होता. महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून अठरा मुलं-मुली यूपीएससीच्या मुलाखतीला दिल्लीत यायची होती. माझ्यासकट एकोणीस सभासद घरची एकेक खोली द्यायला तयार होते. मुलांनी वेबसाइटवर घर पसंत करायचं. सोमवारी ती सुरू झाली नाही, तर मुलं स्टेशनाबाहेर पडून थेट पहाडगंजच्या एखाद्या कोंदट हॉटेलात!

मी नवशिक्यांसाठीचा एक लेख वाचला. 'आधी कागदावर चौकोन काढा.' चौकोन तर मी प्रत्येक मीटिंगमध्ये काढतो! एका घराला एक पान, वर यजमानांचा फोटो, मध्ये पत्ता, खाली खोलीची माहिती. 'मग संबंधितांचं मत घ्या.' मत घ्यायचं म्हणजे फाईल फिरवायची, हे काय आम्हाला शिकवायला हवं? एकोणीस पानांची फाईल बांधली आणि नोएडापासून गुरुग्रामपर्यंत घरोघर पाठवली.

शनिवारी फाईल परत आली. मी सह्या मोजल्या. एकोणीस! शेरे वाचायची मला सवय नाही. प्रत्येक पानावर 'मान्य' लिहिलं आणि वेबसाइट करणाऱ्या स्वरूपाला फाईल पाठवली. सोबत पत्र : 'मजकूर जसाच्या तसा घ्यावा. काना-मात्राही बदलू नये.'

सोमवारी सकाळी नऊला साइट सुरू झाली. नऊ वाजून चार मिनिटांनी अण्णासाहेबांचा फोन!

"अहो, माझ्या पानावर 'यजमान पहाटे पाचला स्तोत्रं म्हणतात, कानात घालायला कापूस आणावा' हे कुणी छापलं?"

मी साइट उघडली. फाईलवरचे सगळे शेरे जसेच्या तसे छापलेले! आमचे सगळे सभासद सरकारी. समोर फाईल आली की शेरा मारल्याशिवाय त्यांचा हात स्वस्थ बसत नाही. सूर्यकांतरावांच्या पानावर भाऊसाहेब : 'गीझर तीन वर्षं बंद. वस्तुस्थिती तपासून सादर करावे.' भाऊसाहेबांच्या पानावर सूर्यकांतराव : 'कुत्र्याचा उल्लेख नाही. चावतो.' त्याखाली अण्णासाहेब : 'भाऊसाहेबांचा फोटो लहान करावा. कुत्रा चालेल, फोटो नको.' आणि प्रत्येकाखाली ठळक अक्षरांत : 'मान्य'!

"स्वरूपा! हे काय केलंस?" मी फोनवर ओरडलो.

"काका, तुम्हीच लिहून दिलंत ना, काना-मात्राही बदलू नये! मला वाटलं, रिव्ह्यू आहेत. कित्ती ऑनेस्ट लोक आहेत यार तुमचे!"

"आत्ताच्या आत्ता काढून टाक! मुलं कुठे जातील आता?"

"पण काका, अठराच्या अठरा बुकिंग झाली. दहा मिनिटांत!"

मी बुकिंग मोजली. अठरा! तेवढ्यात लातूरहून शिवांगी नावाच्या उमेदवाराचा फोन. भाऊसाहेबांचं घर तिनंच घेतलं होतं.

"सर, थँक यू! बाकी सगळीकडे नुसतं 'उत्तम सोय' लिहिलेलं असतं. इथे कुत्रा चावतो हे आधीच सांगितलंय म्हटल्यावर बाबा म्हणाले, माणसं खरी आहेत, जा."

फोन ठेवला आणि जिवात जीव आला. एकही मूल हॉटेलात जाणार नव्हतं! अण्णासाहेबांना कळवलं, तेही हसले.

मग हिशेब ध्यानात आला. घरं एकोणीस, मुलं अठरा. एक घर रिकामं. मी आमचं पान उघडलं. बायकोचा, हेमलताचा शेरा :

'खोली हवेशीर. जेवण घरचं. यजमान मुलाखतीची तयारी स्वतः करून घेतात. उमेदवाराने नको म्हटलं, तरीही.'

"हेमलता, हे तू लिहिलंस?"

"मी लिहिलं," ती पोळी लाटता लाटता म्हणाली. "पण खाली 'मान्य' कुणी केलंय, ते बघा ना!"